मे महिन्यातला समुद्र आणि पंधरा दिवसांपुढचा अंदाज

अरबी समुद्रात चक्रीवादळांचे हंगाम दोन. पहिला मोसमी पाऊस येण्याआधीचा, एप्रिलअखेरपासून जूनच्या मध्यापर्यंत. दुसरा पाऊस परतल्यानंतरचा, ऑक्टोबर ते डिसेंबर. कोकणात आजही ज्याची आठवण निघते ते ‘फयान’ या दुसऱ्या हंगामातले, ११ नोव्हेंबर २००९ चे. मधल्या जुलै-ऑगस्टमध्ये समुद्र कितीही खवळला तरी चक्रीवादळ सहसा होत नाही.

महाराष्ट्राच्या किनाऱ्याला पहिला हंगाम जास्त जाचक ठरतो, कारण तो कामाच्या ऐन घाईत येतो. राज्यात यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर १ जून ते ३१ जुलै बंदी असते. त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात बोटी हंगामातल्या अखेरच्या फेऱ्या मारत खोल पाण्यात असतात. किनाऱ्यावर आगोटीची धांदल असते: सुकी मासळी वाळत पडलेली, घरे आणि होड्या शाकारायच्या राहिलेल्या, लाकूडफाटा भरायचा. बागांत हापूसचा शेवटचा माल उतरवणे चालू असते, काही ठिकाणी भाताची धूळवाफेवरची पेरणी सुरू होणार असते. घाटावर शेतकरी नांगरट संपवून रोहिणीच्या सरींची वाट पाहत असतो. अशा वेळी समुद्रावर काही घडू पाहत असेल, तर ते दोन दिवस आधी कळणे आणि दहा दिवस आधी कळणे यांत मोठे अंतर आहे. दोन दिवसांत माणसे हलवता येतात. बोट परत आणणे, माल उतरवणे, पेरणी लांबवणे या निर्णयांना त्याहून जास्त वेळ लागतो.

चक्रीवादळाला लागणारी पहिली गोष्ट म्हणजे तापलेले पाणी. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान किमान २६.५ अंश सेल्सिअस हवे आणि ही ऊब वरवरची नको, सुमारे पन्नास मीटर खोलीपर्यंत मुरलेली हवी. मे महिन्यात अरबी समुद्र ही अट सहज पुरी करतो. तेव्हा पाण्याचे तापमान बऱ्याच भागात ३० अंशांच्या पुढे गेलेले असते. पण केवळ पाणी तापून भागत नाही, नाहीतर दर मे महिन्यात एक वादळ ठरलेले असते. दुसरी अट वाऱ्यांची आहे. समुद्रालगतचा वारा आणि दहा-बारा किलोमीटर उंचीवरचा वारा यांच्या दिशा-वेगात फार फरक असला, तर ढगांचा मनोरा सरळ उभा राहतच नाही. वरचा भाग एकीकडे वाहून जातो, खालचा भोवरा दुसरीकडे उरतो. मोसमी वारे पूर्ण बहरात आले की खाली नैर्ऋत्येचा आणि वर पूर्वेचा असे दोन जोरदार झोत एकमेकांविरुद्ध वाहू लागतात. जुलै-ऑगस्टमध्ये वादळे न होण्याचे मुख्य कारण हेच.

पाणी तापणे आणि मोसमी वारे बहरात येणे यांच्या मधला काळ धोक्याचा. पाणी वर्षातले सर्वांत उष्ण असते, वरचा पूर्वेचा झोत अजून स्थिरावलेला नसतो आणि खालचा नैर्ऋत्येचा झोत केरळच्या दिशेने सरकू लागलेला असतो. या झोताच्या उत्तरेच्या अंगाला हवेला फिरण्याची जोरदार प्रवृत्ती असते आणि तिथे कधीकधी भोवरा तयार होतो. हवामानशास्त्रात त्याला ‘ऑनसेट व्होर्टेक्स’, म्हणजे मोसमी पावसाच्या आगमनाबरोबर येणारा भोवरा म्हणतात. १९७९ च्या आंतरराष्ट्रीय मोनेक्स मोहिमेत मिळालेल्या निरीक्षणांवरून टी. एन. कृष्णमूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा तपशीलवार अभ्यास मांडला. दरवर्षी तो होतोच असे नाही. झाला तरी बरेचदा साधे कमी दाबाचे क्षेत्र राहून विरतो. पण तो वाढला, तर जूनच्या पहिल्या पंधरवड्यात किनाऱ्यासमोर चक्रीवादळ उभे राहते.

ही परिस्थिती आठवडा-पंधरवडा आधी ओळखण्याचा मुख्य आधार आहे मॅडन-ज्युलियन आंदोलन, म्हणजे एमजेओ. रोलँड मॅडन आणि पॉल ज्युलियन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९७१-७२ मध्ये ते दाखवून दिले. विषुववृत्ताच्या आसपास ढग आणि पावसाचा एक प्रचंड पट्टा पश्चिमेकडून पूर्वेकडे सावकाश सरकत असतो आणि साधारण ३० ते ६० दिवसांत पृथ्वीला वळसा घालतो. तो हिंदी महासागरावर असताना तिथे ढगांना उभारी मिळते. पुढे निघून गेला की काही आठवडे आकाश दबलेले राहते. त्याची चाल मंद आणि बऱ्यापैकी नियमित असल्यामुळे दोन-तीन आठवड्यांपुढचे काही सांगता येते ते प्रामुख्याने त्याच्या बळावर. मॅथ्यू व्हीलर आणि हॅरी हेंडन यांनी २००४ मध्ये त्यासाठी आखलेली आकृती आज जगभर वापरतात. चौकोनाचे आठ भाग, मध्यभागी एक वर्तुळ आणि त्यातून दिवसागणिक पुढे सरकणारी एक वळणदार रेघ. रेघ वर्तुळाच्या आत असेल तर आंदोलन क्षीण. ती वर्तुळाबाहेर, दुसऱ्या-तिसऱ्या भागात असेल तर जोर हिंदी महासागरावर. मेच्या मध्यावर ही रेघ पुढच्या दहा दिवसांत या भागांत शिरताना दिसली, की पुण्या-दिल्लीतले हवामानतज्ज्ञ समुद्राकडे अधिक बारकाईने पाहू लागतात.

पण ती रेघ फक्त परिस्थिती अनुकूल आहे एवढेच सांगते. वादळ होईल का, कुठे होईल, कुठे जाईल यासाठी संगणकीय मॉडेलांकडे वळावे लागते. सर्वांच्या तोंडी असलेली दोन: अमेरिकेचे जीएफएस आणि इंग्लंडमधील रेडिंग इथे मुख्यालय असलेल्या युरोपीय केंद्राचे ईसीएमडब्ल्यूएफ, बोलीभाषेत ‘युरोपियन’. जीएफएस दिवसातून चार वेळा चालते, भारतीय वेळेनुसार पहाटे साडेपाच, सकाळी साडेअकरा, संध्याकाळी साडेपाच आणि रात्री साडेअकराच्या स्थितीवर, आणि दर वेळी थेट १६ दिवसांपुढचा नकाशा काढते. युरोपियनचे मुख्य अंदाज १५ दिवसांपर्यंत जातात. दोन्हींचे नकाशे आज मोबाईलवर कुणालाही दिसतात. विंडीसारख्या ॲपमध्ये खालची पट्टी बोटाने उजवीकडे सरकवली, की दहा दिवसांनंतरच्या अरबी समुद्रावर जांभळ्या रंगाचे चक्र फिरताना दिसते. मॉडेल बदलले की तेच चक्र ओमानजवळ जाते, किंवा नाहीसेच होते.

गैरसमजाची सुरुवात इथूनच होते. त्या चक्राचा स्क्रीनशॉट ‘मुंबईवर मोठे संकट’ असे शीर्षक लावून फिरू लागतो. सहा तासांनी मॉडेल पुन्हा चालते, नव्या नकाशात संकट उरलेलेही नसते. पण नाहीशा झालेल्या वादळाचा स्क्रीनशॉट कुणी पाठवत नाही. एकाच वेळच्या एकाच नकाशावरून दहा दिवसांपुढचे वादळ सांगणे हे शास्त्राला धरून नाही, मग सांगणाऱ्याच्या मागे कितीही अनुयायी असोत. वातावरणाच्या सुरुवातीच्या स्थितीतली बारीकशी चूकही दिवसागणिक वाढत जाते, हे एडवर्ड लोरेंझ यांनी १९६३ च्या शोधनिबंधात दाखवले. रोजच्या हवामानाच्या तपशीलवार अंदाजाची मर्यादा साधारण दोन आठवड्यांची मानतात ती त्यामुळेच. अरबी समुद्रावर सुरुवातीची स्थितीही नीट माहीत नसते. जहाजे आणि तरंगते बोये मोजके; मोठी मदार इन्सॅट मालिकेतल्या आणि समुद्रावरचा वारा मोजणाऱ्या ओशनसॅटसारख्या उपग्रहांवर. त्यातून जीएफएसला हंगामाच्या सुरुवातीला नसलेली वादळे उभी करण्याची खोड आहे. अमेरिकेत मे-जूनमध्ये कॅरिबियन समुद्राबाबत तिचा अनुभव नेहमीचा आहे.

या अनिश्चिततेवरचा उपाय म्हणजे समूह-अंदाज. सुरुवातीच्या स्थितीत जाणूनबुजून थोडाथोडा फरक करून तेच मॉडेल अनेकदा चालवायचे आणि किती वेळा वादळ होते ते मोजायचे. युरोपियनच्या समूहात ५१ सदस्य आहेत, अमेरिकेच्या समूहात ३१. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने, म्हणजे आयआयटीएमने, २०१८ मध्ये १२ किलोमीटर अंतराच्या जाळीवर चालणारी २१ सदस्यांची समूह-प्रणाली उभी केली. ५१ पैकी पाच सदस्यांनी दहाव्या दिवशी वादळ दाखवले, तर ती केवळ नोंद घेण्याची गोष्ट. पस्तीस सदस्यांनी दाखवले आणि पुढचे दोन-तीन दिवस हा आकडा टिकला किंवा वाढला, तर ती कामाला लागण्याची गोष्ट. हा आकडा दिवसेंदिवस कसा बदलतो याला तर त्याच्या मूल्यापेक्षाही जास्त वजन द्यावे लागते. दहा दिवसांपुढचा धोका रोज दहा दिवस पुढेच राहत असेल, तर तो मॉडेलच्या खोडीचा भाग असण्याची शक्यता मोठी. तो रोज एक दिवस जवळ येत असेल, तर मात्र गंभीरपणे घ्यायला हवा.

भारतीय हवामान विभाग हे सगळे एकत्र करून दर गुरुवारी पुढच्या दोन आठवड्यांत चक्रीवादळ निर्माण होण्याच्या शक्यतेचा अंदाज देतो. बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र या दोन्हींसाठी तो असतो. एमजेओ कुठे आहे, विषुववृत्तालगतच्या लहरी काय करत आहेत, कोणती मॉडेले काय दाखवत आहेत याचा त्यात आढावा असतो आणि शेवटी शक्यता शब्दांत दिलेली असते: शून्य, कमी, मध्यम किंवा जास्त. याशिवाय रोजच्या अहवालात पुढच्या सात दिवसांची शक्यता असते. या अहवालांत वादळाचे नाव नसते, ते कुठे धडकेल तेही नसते, म्हणून बातमी करणाऱ्यांना ते बेचव वाटतात. पण इतक्या आधी जेवढे खरेपणाने सांगता येते, तेवढेच त्यांत असते.

मे २०२५ मध्ये या सगळ्याची परीक्षा झाली. महिन्याच्या मध्यापासून ‘शक्ती’ चक्रीवादळाच्या बातम्या फिरू लागल्या. हे वादळ कधी बंगालच्या उपसागरात सांगितले जाई, कधी अरबी समुद्रात. ‘शक्ती’ हे हिंदी महासागराच्या उत्तर भागासाठी १३ देशांनी मिळून केलेल्या यादीतले पुढचे नाव, श्रीलंकेने सुचवलेले. पण नाव यादीत असते म्हणून वादळ असते असे नाही. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरला पोचला की मगच दिल्लीचे प्रादेशिक केंद्र नाव देते. त्याच्या आधी कमी दाबाचे क्षेत्र, डिप्रेशन आणि डीप डिप्रेशन अशा पायऱ्या असतात आणि अनेक प्रणाली त्यांतल्याच एकीवर थांबतात. इथे वादळ जन्मायच्या आधीच त्याचे बारसे झाले होते.

प्रत्यक्षात काय झाले ते असे. २१ मेच्या सुमारास कर्नाटकाच्या किनाऱ्यासमोर हवेच्या वरच्या थरांत चक्राकार वारे दिसू लागले, त्याखाली कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले, ते किनाऱ्याला धरून उत्तरेकडे सरकले आणि २४ मे रोजी दक्षिण कोकणासमोर डिप्रेशन झाले. त्याच दिवशी दुपारच्या सुमारास त्याने रत्नागिरी आणि दापोली यांच्या दरम्यान किनारा ओलांडला. प्रणाली किनाऱ्याच्या इतकी जवळ होती, की खुल्या उष्ण पाण्यावर तिला वाढायला पुरेसा अवधीच मिळाला नाही. ‘शक्ती’ आले नाही. ते नाव अखेर त्याच वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला अरबी समुद्रातल्या दुसऱ्याच वादळाला मिळाले.

वादळ आले नाही, पण पाऊस आला, आणि केवढा! त्याच २४ मे रोजी मोसमी पाऊस केरळात पोचला, ठरल्या तारखेच्या आठ दिवस आधी. २००९ नंतर इतक्या लवकर तो आला नव्हता. २५ मे रोजी तो देवगडपर्यंत आणि २६ मे रोजी मुंबई-पुण्यापर्यंत आला. मुंबईची सरासरी तारीख ११ जून. उपलब्ध नोंदींत इतक्या लवकर तो मुंबईत कधीच दाखल झाला नव्हता. कुलाबा वेधशाळेने मे महिन्यातल्या पावसाचा १९१८ पासूनचा विक्रम मोडलेला पाहिला. सुकत घातलेली मासळी भिजली, हंगामाच्या अखेरच्या फेऱ्या बुडाल्या, नांगरट-वखरणी राहिलेल्या शेतांत पाणी साचले आणि वाफसा यायला कित्येक दिवस लागले. ज्यांचे लक्ष फक्त वादळाच्या नावावर होते, त्यांना अंदाज फसला असे वाटले. पण हवामान विभागाने १० मे रोजीच केरळात २७ मेला, चार दिवस मागेपुढे, पाऊस येईल असे जाहीर केले होते, आणि तो त्या मर्यादेत आला. लांब पल्ल्याच्या अंदाजात वादळाचे अचूक रूप हाती लागत नाही. समुद्रावर मोठी हालचाल होणार हे मात्र लागते. नुकसान टाळायला बहुतेकांना तेवढे पुरले असते.

त्यानंतरचा भागही लक्षात घ्यावा. इतक्या झपाट्याने आलेला मोसमी पाऊस मुंबई-अहिल्यानगर-आदिलाबाद रेषेवर मेअखेरपासून जूनच्या मध्यापर्यंत अडकून पडला. पेरणीची घाई करू नका, असा सल्ला कृषी विभागाने दिला होता. पावसाच्या पहिल्या दणक्याला भुलून ज्यांनी बी टाकले त्यांच्या डोक्यावर दुबार पेरणीची टांगती तलवार राहिली. त्या वर्षी केंद्रीय कृषी मंत्रालयाने १३ राज्यांतल्या सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेले मोसमी पावसाचे अंदाज मोबाईल संदेशाने पाठवले होते, आणि मधली ही उघडीप त्यांत आधीपासून दाखवलेली होती.

वादळ खरोखर होते तेव्हा वेळ किती कमी असतो हे ‘निसर्ग’ने दाखवले. १ जून २०२० च्या पहाटे ते डिप्रेशन झाले आणि ३ जूनच्या दुपारी अलिबागच्या दक्षिणेला ताशी ११०-१२० किलोमीटर वेगाने किनाऱ्यावर आदळले. मधे अडीच दिवसही नव्हते. श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड भागातल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. नव्याने लावलेल्या पोफळीला उत्पन्न द्यायला सहा-सात वर्षे लागतात. पूर्व किनाऱ्याला अंदमानजवळ जन्मलेले वादळ येईपर्यंत बरेचदा चार-पाच दिवस मिळतात. कोकणासमोरची वादळे दाराशीच जन्मतात. विभागाचा पहिला औपचारिक टप्पा, चक्रीवादळपूर्व पहारा, ७२ तास आधीचा असतो आणि ‘निसर्ग’सारख्या वादळात तोवर डिप्रेशनही झालेले नसते. म्हणून इथे आठवड्यापूर्वीच्या शक्यतेकडे पाहणे ही गरज आहे.

दिशेचा प्रश्न वेगळा आणि जास्त अवघड. जून २०१९ मध्ये ‘वायू’ वेरावळ-दीवच्या दिशेने येत होते. गुजरातने मोठ्या संख्येने माणसे हलवली आणि १३ जूनला ते किनाऱ्याजवळून वळून समुद्रात गेले. जून २०२३ मध्ये ‘बिपरजॉय’च्या सुरुवातीच्या दिवसांत काही मॉडेले ते ओमानकडे नेत होती, काही पाकिस्तान-गुजरातकडे. दोन बाजूंच्या उच्च दाबांच्या मधे सापडल्याने ते कधी थबकत, कधी सरकत राहिले आणि ६ जूनला जन्मलेले वादळ १५ जूनच्या संध्याकाळी कच्छमध्ये जखाऊजवळ आले. इतका वेळ मिळाल्यामुळे लाखाच्या आसपास लोक आधीच सुरक्षित जागी गेले होते आणि मनुष्यहानी अगदी थोडी झाली. त्याच कच्छमध्ये ९ जून १९९८ च्या कांडला वादळात हजाराहून अधिक माणसे गेली होती, त्यांत मिठागरांतले आणि बंदरावरचे मजूर फार. ‘बिपरजॉय’ने महाराष्ट्राचे नुकसान दुसऱ्या वाटेने केले. ११ जूनला रत्नागिरीपर्यंत आलेला मोसमी पाऊस तिथेच खोळंबला आणि मुंबईत २५ जूनला पोचला, त्याच दिवशी दिल्लीतही. तसे त्याआधी १९६१ मध्ये घडले होते.

इशारा मिळाला म्हणजे काम झाले असे नाही. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’चा अंदाज काही दिवस आधीपासून स्पष्ट होता. तरीही मुंबई हायजवळ पी-३०५ हा बार्ज समुद्रातच राहिला, वादळात बुडाला आणि सत्तरच्या आसपास माणसांचे प्राण गेले.

अरबी समुद्रातली ही धास्ती पुढे वाढणारी आहे. आयआयटीएमच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढली. त्यांच्या एकूण कालावधीतली वाढ तर ८० टक्के. अंदाजाची साधनेही सुधारत आहेत. पुण्यात सप्टेंबर २०२४ मध्ये ‘अर्क’ हा महासंगणक सुरू झाला. ६ किलोमीटरच्या जाळीवर चालणारी ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ २६ मे २०२५ रोजी, म्हणजे मुंबईत पाऊस दाखल झाला त्याच दिवशी, कार्यान्वित झाली. युरोपीय केंद्राचे कृत्रिम बुद्धिमत्तेचे मॉडेल त्याच वर्षी फेब्रुवारीपासून रोजच्या वापरात आहे. अशी मॉडेले वादळाचा मार्ग चांगला सांगतात. जोर मात्र अजून कमी दाखवतात.

साधने सुधारली तरी गुरुवारचा अंदाज बंदरावर पोचत नाही. तो इंग्रजीत, तांत्रिक भाषेत असतो. किनाऱ्यावर माणूस ओळखतो तो बंदरावर लागणारा तीन नंबरचा बावटा, आणि तो लागेपर्यंत खोल समुद्रातल्या तांडेलाला परतायला वेळ उरलेला नसतो. १५ मे ते १५ जून या महिन्यात दर गुरुवारी हा अंदाज चार ओळींच्या सोप्या मराठीत मच्छीमार सोसायट्यांच्या फलकांवर, ग्रामपंचायतींत आणि कृषी सहायकांच्या व्हॉट्सॲप गटांवर यायला हवा. हवामान विभाग आणि राज्याचा मत्स्यव्यवसाय विभाग यांनी ठरवले, तर पुढच्या मे महिन्यापासून हे सुरू करता येईल. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही.